ते व्हायोलिन रोलिंग स्टोन्सचे नव्हते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नव्वदच्या दशकातील ब्रिटिश रॉक संगीतावर आलेला लेख आवडीने वाचला. या विषयाला मराठी वृत्तपत्रात अर्धे पान मिळते, ही बाब समाधानाची आहे, आणि लेखातील बहुतेक मजकुराशी माझा काहीही वाद नाही. मात्र ‘द व्हर्व्ह’ या बँडच्या ‘बिटर स्वीट सिम्फनी’ या गाजलेल्या गाण्याची बोळवण त्यात दोनच वाक्यांत करण्यात आली आहे. या गाण्यातील व्हायोलिनची धून रोलिंग स्टोन्स या जुन्या ब्रिटिश बँडकडून चोरलेली होती, ही चोरी न्यायालयात सिद्ध झाली आणि बावीस वर्षांनी स्टोन्सने उदार मनाने गाणे परत केले, असा त्या वाक्यांचा आशय आहे. ही हकिगत याच स्वरूपात जगभर इतक्या वेळा छापली गेली आहे की लेखकाला एकट्याला दोष देता येणार नाही. तरीही ती तशीच पुढे जाऊ देणे योग्य नाही, कारण ज्या माणसाने ती धून वाद्यांसाठी लिहिली त्याचे नाव तिच्यात कोठेच येत नाही. तो माणूस म्हणजे डेव्हिड व्हिटेकर, आणि तो रोलिंग स्टोन्समध्येही नव्हता आणि द व्हर्व्हमध्येही नव्हता.

ज्या वाचकांना हे गाणे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे. विगन हे इंग्लंडच्या वायव्येकडील, मँचेस्टरपासून जवळचे, एके काळी कोळसा आणि सुती कापड यांवर जगलेले गाव. तेथे शिकत असताना एकत्र आलेल्या मुलांनी १९९० च्या सुमारास हा बँड उभा केला. रिचर्ड ॲशक्रॉफ्ट गात असे, निक मॅकेब गिटार, सायमन जोन्स बास आणि पीटर सॅल्सबरी ड्रम वाजवीत असे. सुरुवातीला बँडचे नाव नुसतेच ‘व्हर्व्ह’ होते; त्याच नावाच्या जुन्या जॅझ ध्वनिमुद्रण कंपनीने हरकत घेतल्यावर त्यामागे ‘द’ लागले. हक्कांच्या भांडणाशी या मुलांची ओळख तशी पहिल्यापासूनचीच म्हणायची. १९९३ आणि १९९५ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या दोन अल्बमांना जाणकारांची दाद मिळाली, परंतु पैसा आणि स्थैर्य मिळाले नाही, आणि दुसऱ्या अल्बमनंतर बँड काही काळ फुटलाही. तो पुन्हा जुळल्यानंतर, १६ जून १९९७ रोजी, ‘बिटर स्वीट सिम्फनी’ हे गाणे सिंगल म्हणून बाजारात आले आणि ब्रिटनच्या क्रमवारीत थेट दुसऱ्या स्थानावर दाखल झाले. पुढच्या वर्षी अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीतही ते बाराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ज्या ‘अर्बन हिम्न्स’ या अल्बमचे ते पहिले गाणे होते, तो त्याच वर्षी सप्टेंबरअखेर आला आणि ब्रिटनमध्ये त्या दशकात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत गणला जाऊ लागला.

आपल्याकडे हे गाणे पोहोचले ते प्रामुख्याने एमटीव्ही आणि चॅनेल व्ही या वाहिन्यांमुळे, म्हणजे चित्रफितीच्या रूपात. वॉल्टर स्टर्न यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रफितीत ॲशक्रॉफ्ट पूर्व लंडनमधील हॉक्स्टन स्ट्रीटच्या पदपथावरून सरळ चालत राहतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांना खांद्याने धक्के देतो आणि एकदाही बाजूला होत नाही. ज्यांना गाण्याचा एकही शब्द कळला नाही त्यांच्याही लक्षात ते चालणे राहिले. परंतु त्या चालण्याला जी चाल लाभली ती सुरुवातीच्या तंतुवाद्यांनी दिलेली आहे, आणि वाद नेमका त्या तंतुवाद्यांचाच आहे.

आता ती धून कोठून आली, ते पाहू. रोलिंग स्टोन्सने १९६५ च्या आरंभी ‘द लास्ट टाइम’ हे गाणे प्रसिद्ध केले. बँडमधील मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स या जोडीच्या नावावर असलेले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले स्टोन्सचे हे पहिलेच गाणे होय. त्याआधीची त्यांची अव्वल गाणी इतरांनी रचलेली होती. मात्र हेही गाणे शून्यातून आलेले नाही. स्टेपल सिंगर्स या अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबाने पन्नासच्या दशकात एक पारंपरिक चर्चगीत ध्वनिमुद्रित केले होते, ज्याचे धृपद जवळजवळ याच शब्दांचे आहे, आणि त्या गीताचे आपल्यावरील ऋण रिचर्ड्स यांनी पुढे स्वतः मान्य केले आहे. परंपरेतून आलेले गीत कोणाच्याही मालकीचे नसल्याने त्यावर रचलेले नवे गाणे जॅगर-रिचर्ड्स यांच्या नावाने नोंदवले गेले. कायद्याच्या दृष्टीने त्यात काहीही वावगे नव्हते. पुढे जे घडले त्याचा विचार करताना मात्र ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.

स्टोन्सचे तेव्हाचे व्यवस्थापक आणि निर्माते अँड्र्यू लूग ओल्डहॅम हे अत्यंत उद्योगी तरुण होते. आपल्या बँडच्या गाण्यांच्या वाद्यवृंदासाठी केलेल्या आवृत्त्यांचा एक अल्बम काढावा अशी कल्पना त्यांना सुचली, आणि ‘अँड्र्यू ओल्डहॅम ऑर्केस्ट्रा’ या नावाखाली भाडोत्री वादक जमवून १९६५-६६ च्या सुमारास त्यांनी ती अमलात आणली. नाव ओल्डहॅम यांचे असले तरी कागदावर स्वर मांडण्याचे काम त्यांचे नव्हते. ‘द लास्ट टाइम’च्या या वाद्यवृंद-आवृत्तीचे संयोजन डेव्हिड व्हिटेकर यांनी केले. मूळ गाण्यात गिटारची एक कर्कश, पुन्हा पुन्हा येणारी फेक आहे आणि तिच्यावर जॅगर यांचा आवाज आहे. व्हायोलिन त्यात औषधालाही नाही. व्हिटेकर यांनी त्या गाण्याचा वेग उतरवला, त्याला भारदस्तपणा आणला आणि तंतुवाद्यांची एक स्वतंत्र, वर चढून पुन्हा खाली विसावणारी ओळ त्यात घातली. हीच ती ओळ, जी तीस वर्षांनी जगभर गाजली. मूळ गाण्यातील स्वरसंगती (कॉर्ड) तिच्याखाली आहेत हे खरे, आणि धृपदाच्या चालीची सावलीही तिच्यात शोधता येते असे म्हणणारे जाणकार आहेत, त्यांचे म्हणणे मी हट्टाने नाकारणार नाही. तथापि, स्टोन्सचे गाणे आणि व्हिटेकर यांची आवृत्ती लागोपाठ ऐकून पाहिल्यास ‘बिटर स्वीट सिम्फनी’ कशाच्या पोटी जन्मली याविषयी सामान्य श्रोत्याला कोणतीही शंका उरत नाही. आपल्या वाचकांनी हा प्रयोग अवश्य करावा; दोन्ही ध्वनिमुद्रणे आज सहज उपलब्ध आहेत.

ॲशक्रॉफ्ट यांच्या हाती ओल्डहॅम ऑर्केस्ट्राची ती जुनी तबकडी आली, तिच्यातील चार मात्राचक्रांचा तुकडा उचलून तो सतत फिरता ठेवण्यात आला आणि त्यावर नवे गाणे उभे राहिले. हे नवे गाणे म्हणजे केवळ तो तुकडा नव्हे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. शब्द ॲशक्रॉफ्टचे आहेत, गायनाची चाल त्याची आहे, गिटारचे आणि तालाचे अनेक थर बँडने चढवले आहेत, आणि तंतुवाद्येही पुन्हा नव्याने वाजवून घेण्यात आली आहेत. या नव्या तंतुवाद्यांचे संयोजन विल मॅलोन यांचे. ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या बँडच्या १९९१ मधील ‘अनफिनिश्ड सिम्पथी’ या गाण्यात तंतुवाद्यांचा जो अपूर्व वापर आहे तोही याच मॅलोन यांचा, आणि योगायोग असा की व्हर्व्हच्या चित्रफितीतील रस्त्यावरून चालत जाण्याची कल्पनाही त्याच गाण्याच्या चित्रफितीवरून घेतलेली आहे. त्या ऋणावरून मात्र कोणी कोणाकडे पैसे मागितले नाहीत.

संगीताच्या अंगाने एक गोष्ट नोंदवण्याचा मोह आवरत नाही. हे गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच चार स्वरसंगतींवर फिरते आणि कडव्यातही नाही, धृपदातही नाही, कोठेच त्या चक्रातून बाहेर पडत नाही. त्यातील स्वर शुद्ध असले तरी निषाद कोमल आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला खमाज थाट म्हणतात तीच ही स्वरांची मांडणी. एकाच आवर्तनात अडकून राहणे हा एरवी दोष ठरला असता. येथे ज्या माणसाला आपला साचा बदलता येत नाही अशा माणसाविषयीचे शब्द आहेत, त्यामुळे तो दोष गुण होऊन बसला आहे. हा मेळ व्हिटेकर यांनी घातलेला नाही, जॅगर-रिचर्ड्स यांनी तर नाहीच. तो पूर्णतः ॲशक्रॉफ्ट यांचा आहे.

आता हक्कांचा प्रश्न. कोणत्याही ध्वनिमुद्रित गाण्यावर दोन निरनिराळे हक्क असतात. एक प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा, दुसरा त्यात वाजलेल्या रचनेचा. ओल्डहॅम ऑर्केस्ट्राच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क डेका कंपनीकडे होता आणि तो तुकडा वापरण्याची परवानगी व्हर्व्हने डेकाकडून रीतसर मिळवली होती. म्हणजे चोरट्याने काही उचलले गेले, असा प्रकार येथे नव्हता. राहिला रचनेचा हक्क. ती आवृत्ती कागदोपत्री ‘द लास्ट टाइम’चीच असल्याने तिच्यात वाजलेला प्रत्येक स्वर, व्हिटेकर यांनी नव्याने घातलेला असला तरीही, जॅगर-रिचर्ड्स यांच्या रचनेत जमा धरला जात होता. सातबाऱ्यावर नाव एकाचे, जमीन कसली दुसऱ्याने, आणि पीक उभे राहिल्यावर हिस्सा मागायला तिसराच आला, असा हा व्यवहार आहे.

हा तिसरा म्हणजे ॲलन क्लाइन. पेशाने हिशेबनीस असलेला हा अमेरिकन गृहस्थ १९६५ पासून स्टोन्सचा कारभार पाहू लागला होता, पुढे बीटल्सचाही पाहू लागला, आणि दोन्हीकडचे त्याचे संबंध कटुतेतच संपले. १९७० मध्ये स्टोन्स त्याच्यापासून वेगळे झाले तेव्हा त्यांच्या साठच्या दशकातील गाण्यांचे आणि ध्वनिमुद्रणांचे हक्क क्लाइनच्या ‘ॲबको’ या कंपनीकडेच राहिले. आपल्याच तरुणपणातील गाणी आपल्या ताब्यात नाहीत, ही स्थिती जॅगर आणि रिचर्ड्स यांनीही दीर्घकाळ भोगली आहे. म्हणून ‘स्टोन्सने व्हर्व्हवर दावा ठोकला’ असे जे सर्रास लिहिले जाते तेही बरोबर नाही. आग्रह धरला तो ॲबकोने. नाव मात्र श्रेयात लागले जॅगर आणि रिचर्ड्स यांचे, आणि रचनाकार म्हणून मिळणारा वाटाही अर्थातच त्यांना मिळत राहिला.

क्लाइन आधी परवानगी द्यायलाच तयार नव्हता. अल्बम तयार झालेला, त्यातील सर्वांत मोठे गाणे हेच, आणि अशा वेळी परवानगी नाही, ही अडचण किती मोठी होती हे सांगायला नको. अखेरीस तडजोड झाली ती अशी की रचनेचा शंभर टक्के हक्क ॲबकोकडे जाईल आणि श्रेयनामावलीत संगीत जॅगर-रिचर्ड्स यांचे, शब्द ॲशक्रॉफ्ट यांचे, असे छापले जाईल. सुरुवातीला निम्मा-निम्मा वाटा ठरला होता आणि गाणे चालू लागल्याचे पाहून मागणी वाढली, असे बँडच्या बाजूने पुढे सांगितले गेले. प्रकरण तडजोडीने मिटले असल्यामुळे चोरी झाली असा निकाल कोणत्याही न्यायाधीशाने दिलेला नाही. आपल्या लेखातील ‘न्यायालयात सिद्ध झाली’ हे शब्द म्हणूनच विशेष आक्षेपार्ह आहेत.

येथे व्हर्व्हची बाजू सरसकट निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही. ध्वनिमुद्रणाची परवानगी घेणाऱ्यांना रचनेचीही परवानगी लागते हे ठाऊक असलेच पाहिजे होते, कारण १९९७ पर्यंत अशा तुकड्यांवरून अमेरिकेत पुष्कळ वाद होऊन गेले होते आणि प्रत्येक मोठ्या कंपनीत त्यासाठी वकील बसलेले असत. गाणे पूर्ण करून मग परवानगी मागायला जाणाऱ्याच्या हाती घासाघीस करण्यासाठी काही उरत नाही. क्लाइनने या घाईचा पुरेपूर फायदा उठवला. तो फायदा कायदेशीर होता, न्याय्य होता असे मात्र म्हणवत नाही. न्याय्य वाटपाचे उदाहरण हवे असेल तर ते त्याच काळात आणि त्याच देशात सापडते. रेडिओहेड या ऑक्सफर्डकडील बँडच्या ‘क्रीप’ या १९९२ मधील गाण्यात हॉलीज या बँडने गाजवलेल्या एका जुन्या गाण्याची छाया असल्याचे मान्य झाले, तेव्हा त्या जुन्या गाण्याचे रचनाकार ॲल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांची नावे रेडिओहेडच्या नावासोबत जोडण्यात आली. रेडिओहेडचे नाव पुसले गेले नाही. ज्याचे जेवढे, त्याला तेवढे, इतका साधा तो मार्ग होता.

जून १९९७ च्या त्या आठवड्यातील ब्रिटनची क्रमवारी या संदर्भात पाहण्यासारखी आहे. ‘बिटर स्वीट सिम्फनी’ दुसऱ्या क्रमांकावर का अडकले, तर पहिल्या क्रमांकावर पफ डॅडी आणि फेथ एव्हान्स यांचे ‘आय विल बी मिसिंग यू’ हे गाणे होते म्हणून. त्याच वर्षी मार्चमध्ये हत्या झालेल्या नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या स्मरणार्थ केलेले ते गाणे ‘द पोलीस’ या ब्रिटिश बँडच्या १९८३ मधील ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ या गाण्यातील गिटारच्या तुकड्यावर उभे आहे. तो तुकडा वाजवला आणि घडवला अँडी समर्स या गिटारवादकाने, परंतु गाणे त्याच बँडचे गायक स्टिंग यांच्या एकट्याच्या नावावर नोंदलेले असल्यामुळे रचनेचा पैसा स्टिंग यांच्याकडे गेला. समर्स यांनी याविषयीची नाराजी अनेकदा उघडपणे व्यक्त केली आहे. म्हणजे त्या आठवड्यात ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली दोन्ही गाणी जुन्या ध्वनिमुद्रणांतील एकेका अविस्मरणीय तुकड्यावर चालत होती आणि दोन्हीकडे तो तुकडा घडवणाऱ्याचे नाव रचनेच्या श्रेयात नव्हते. ॲशक्रॉफ्ट यांच्यावरील अन्यायाची चर्चा जगभर झाली, कारण ते स्वतः समोर उभे राहून गात होते. व्हिटेकर आणि समर्स यांच्या बाबतीत तशी चर्चा झाली नाही.

हक्क हातचा गेल्याचे परिणाम लगेच दिसू लागले. अमेरिकेत नायकेच्या जाहिरातीत हे गाणे वाजले. बँडची त्याला मनापासून संमती नव्हती, पण रचनेचा मालक दुसऱ्या वादकांकडून तेच गाणे नव्याने वाजवून घेऊन जाहिरातीला देऊ शकत होता, आणि मग निदान आपले ध्वनिमुद्रण तरी वापरले जावे, एवढाच पर्याय उरला होता. एक हक्क आपल्याकडे असून दुसरा नसला की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही. ग्रॅमीच्या नामांकनात जॅगर आणि रिचर्ड्स यांची नावे आली. या जोडीने वीस वर्षांत लिहिलेले हे सर्वोत्तम गाणे आहे, असा टोमणा ॲशक्रॉफ्ट यांनी मारल्याचेही तेव्हा सर्वत्र छापून आले. १९९९ मध्ये खुद्द ओल्डहॅम यांनीही आपला वाटा मिळाला नाही म्हणून दावा केला. त्याच वर्षी द व्हर्व्ह पुन्हा फुटला. २००५ च्या जुलैमध्ये लंडनच्या हाइड पार्कमधील लाइव्ह एट या भव्य मैफलीत कोल्डप्ले या बँडच्या साथीने ॲशक्रॉफ्ट यांनी हे गाणे गायले आणि जगभरच्या प्रेक्षकांनी ते त्यांचेच म्हणून ऐकले. कागदावर मात्र त्यांचे होते फक्त शब्द.

क्लाइन २००९ मध्ये वारला. पुढील दशकाच्या अखेरीस ॲशक्रॉफ्ट यांच्या व्यवस्थापकांनी क्लाइनच्या मुलाशी आणि स्टोन्सच्या कार्यालयाशी बोलणी केली, आणि मे २०१९ मध्ये लंडनच्या आयव्हर नोव्हेलो पुरस्कार सोहळ्यात ॲशक्रॉफ्ट यांनी जाहीर केले की जॅगर आणि रिचर्ड्स यांनी गाण्यावरील आपली नावे काढून घेण्यास आणि यापुढचे सर्व उत्पन्न त्यांच्या स्वाधीन करण्यास मान्यता दिली आहे. स्टोन्सशी आपले वैयक्तिक भांडण कधीच नव्हते, हेही त्यांनी त्या वेळी आवर्जून सांगितले. ही घटना आनंदाची आहे आणि जॅगर-रिचर्ड्स यांच्या उदारपणाविषयी आपल्या लेखकाने जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. कायद्याने जे सोडण्याची सक्ती नव्हती ते त्यांनी सोडले. मात्र ही उदारता यापुढच्या उत्पन्नापुरती आहे. आधीच्या बावीस वर्षांत गाणे सर्वाधिक खपले होते. आणि दुसरे असे की, ज्या दोन नावांचा त्या धुनेशी दूरचा संबंध होता ती काढली गेली, पण ज्याचा जवळचा होता त्याचे नाव त्या जागी लागले नाही. व्हिटेकर तोवर हयात नव्हते. जानेवारी २०१२ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे, त्यांचे निधन झाले होते.

व्हिटेकर हे कोणी अनामिक मोलकरी नव्हते. चित्रपटांना त्यांनी स्वतंत्र संगीत दिले, मारियान फेथफुल यांच्यापासून फ्रान्सच्या सर्ज गेन्सबूर यांच्यापर्यंत अनेक गायकांसाठी वाद्यसंयोजन केले आणि उतारवयात ‘एअर’ या बँडसारख्या तरुण फ्रेंच मंडळींनीही त्यांना आदराने बोलावले. तरीही त्यांची सर्वांत प्रसिद्ध ओळ त्यांच्या नावाने ओळखली जात नाही, कारण संयोजकाला ठरावीक बिदागी द्यायची आणि त्याने घातलेले सारे मूळ गाण्याच्या खात्यावर जमा करायचे, हीच त्या व्यवसायाची रीत होती.

ही रीत आपल्याला अपरिचित आहे असे मुळीच नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात पाश्चात्त्य स्वरलेखन जाणणाऱ्या गोमंतकीय संयोजकांनी दशकानुदशके हेच काम केले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांसाठी व्हायोलिनचे जे ताफे लिहिले, दोन ओळींच्या मधले जे तुकडे रचले, ते काढून घेतले तर त्या गाण्यांचे रूपच पालटेल. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस यांच्याविषयीही हेच म्हणता येते. व्हायोलिनचे धडे त्यांनी पुढच्या पिढीतील नामवंत संगीतकारांना दिले, आणि योगायोगाने तेही २०१२ च्या जानेवारीतच गेले. पडद्यावरील श्रेयनामावलीत या मंडळींची नावे आली तर ‘सहायक’ म्हणून, अनेकदा तीही आली नाहीत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही रचना आणि ध्वनिमुद्रण या स्वतंत्र कृती आहेत आणि रचनेचे नवे संयोजन हे त्या रचनेचे रूपांतर मानले जाते, ज्यावरचा अधिकार मूळ रचनेच्या हक्कधारकाकडे असतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतील वाट्याचे संरक्षण दिले, जे फार आधी मिळायला हवे होते. संयोजकाचा मात्र तिच्यात नावानिशी उल्लेख नाही. लंडनमधील क्लाइन-ॲशक्रॉफ्ट तंट्याकडे पाहताना ‘त्यांच्याकडचे ते’ असे म्हणून आपल्याला बाजूला होता येत नाही, ते यामुळे.

प्रत्येक सुंदर तुकड्याला स्वतंत्र मालकी द्यावी, असे माझे म्हणणे आहे असा गैरसमज होऊ नये. तसे केल्यास एका गाण्यासाठी पन्नास परवानग्या लागतील आणि चर्चगीतावरून ‘द लास्ट टाइम’ रचले गेले तसे काहीच रचले जाणार नाही. पैशाच्या वाटपाचा प्रश्न अवघड आहे, तो वकिलांनी आणि संसदेने सोडवावा. नाव देण्याचा प्रश्न तितका अवघड नाही. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि खर्चही येत नाही. लिहिणाऱ्याने चौकशी करण्याची तसदी घेतली की पुरते.

म्हणून आपणास विनंती अशी की, पुरवणीच्या पुढील अंकात एक छोटी दुरुस्ती प्रसिद्ध करावी. ‘बिटर स्वीट सिम्फनी’ हे रिचर्ड ॲशक्रॉफ्ट यांचे गाणे असून त्यातील तंतुवाद्यांची धून ‘द लास्ट टाइम’च्या वाद्यवृंद-आवृत्तीतून परवानगीने घेतलेली आहे, त्या आवृत्तीचे संयोजन डेव्हिड व्हिटेकर यांचे आहे, आणि रचनेच्या हक्काचा वाद न्यायालयाच्या निकालाने नव्हे तर तडजोडीने मिटला, एवढे तिच्यात आले तरी पुरे. पुरवणीत जुन्या मराठी-हिंदी गाण्यांवर जे साप्ताहिक सदर चालते, त्यात गीतकार, संगीतकार आणि गायक यांच्या नावांखाली, जेथे माहिती मिळेल तेथे, संयोजकाचे नावही छापावे. त्यासाठी जागा फार तर एका ओळीची लागेल.

आपला विश्वासू,

एक वाचक, ठाणे